एडिनबराहून गुरुवार ते रविवार गोल्फ सहल : बाबांना कुठे खेळायला न्यावं?

निशिगंधा_एडिनबरा

नमस्कार मंडळी,

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माझे बाबा पुण्याहून माझ्याकडे येताहेत. फौजेत होते, कॅन्टोन्मेंटच्या मैदानावर गोल्फ शिकले आणि निवृत्तीनंतरही नेमाने खेळतात. वय सत्तरीच्या आसपास, हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा) वीसच्या आतबाहेर. उजवा गुडघा कुरकुरतो, पण सकाळचं फिरणं चुकवत नाहीत. मी इथे आल्यावर शिकले, त्यामुळे आम्ही दोघं मिळून खेळणार.

त्यांच्या मनात सेंट अँड्र्यूज गावचा ओल्ड कोर्स, म्हणजे तिथलं जुनं गोल्फ मैदान आहे. फोनवर विषय कुठलाही निघाला तरी शेवटी गाडी तिथेच येते. मला गुरुवार ते रविवार मोकळे आहेत. मोटार नाही, म्हणजे जे काही ते रेल्वे आणि बसने. ओल्ड कोर्सवर वेळ नक्की कशी मिळवायची? नाहीच मिळाली तर काय? सगळे दिवस सेंट अँड्र्यूजलाच राहावं, की नॉर्थ बेरिक गावचं मैदानही जमेल? पैसे खर्च करायची तयारी आहे, पण ते योग्य ठिकाणी लागावेत एवढीच इच्छा.

उत्तरवारा

निशिगंधा, मी डंडीला राहतो, सेंट अँड्र्यूज इथून नदीपलीकडेच. ओल्ड कोर्सचं सांगतो.

नक्की वेळ हवी तर आदल्या वर्षीच अर्ज करावा लागतो. तुमच्यासाठी ती मुदत गेली. आता उरली बॅलट, म्हणजे रोजची सोडत. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावं द्यायची, निकाल त्याच दिवशी कळतो. कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार जणांचा गट लागतो, तुम्ही दोघं असल्यामुळे अडचण नाही. दोघांचाही हँडिकॅपचा पुरावा हवा. बाबांचं इंडियन गोल्फ युनियनचं हँडिकॅप असेल तर त्याची नोंद फोनवर आणि कागदावर अशी दोन्हीकडे ठेवा. स्टार्टर, म्हणजे खेळाडूंना क्रमाने सोडणारा माणूस, ते बघतो.

दुसरा रस्ता एकट्या खेळाडूचा. पूर्वी लोक मध्यरात्रीपासून स्टार्टरच्या खोपटाबाहेर थंडीत रांग लावायचे. २०२४ पासून ते बंद झालं. आता आदल्या दिवशी नऊ ते पाचच्या दरम्यान स्वतः जाऊन नाव नोंदवायचं आणि जिथे दोघा-तिघांच्या गटात जागा असेल तिथे सोडतीने एकट्याला बसवतात. बाबांसाठी हा रस्ता मोकळा ठेवा. तुम्हाला त्यांच्याबरोबर खेळता येणार नाही, पण बाजूने चालता येईल.

आणि रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. स्पर्धेचे मोजके दिवस सोडले तर तिथे रविवारी कोणीच खेळत नाही. त्या हिशेबानेच आखणी करा.

खडकवासला

मी थोडं वेगळं सांगतो. चार दिवसांची सहल एका सोडतीवर टांगून ठेवू नका. जूनमध्ये अर्धं जग तिथे नाव टाकतं. चिठ्ठी निघाली नाही तर बाबा खट्टू, तुम्ही खट्टू, आणि बाकीचे दिवस 'आज तरी लागेल का' यातच जातील.

एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून नॉर्थ बेरिकची गाडी अर्ध्या तासाच्या आसपास पोचवते. स्टेशनातून बॅग खांद्याला मारून दहा-पंधरा मिनिटं चाललं की वेस्ट लिंक्सचं क्लबहाउस. तिथला तेरावा होल (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी एक) बघाच. फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) आणि ग्रीन (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) यांच्यामध्ये कमरेएवढी जुनी दगडी भिंत आहे. ग्रीन भिंतीच्या पलीकडे, खोलगटात, आणि त्याच्या मागे वाळूचे ढिगारे, मग समुद्र. चेंडू भिंतीला चिकटून थांबला तर मुकाट्याने उलट दिशेला मारून परत यायचं. भिंत गोल्फच्या आधीपासूनची, ती कोणी पाडली नाही. पंधरावा होल 'रेडॅन' नावाचा, तिरकं आणि मागे उतरत जाणारं ग्रीन. जगभरच्या मैदानांवर त्याच्या नकला आहेत. खेळताना समोर बॅस रॉक दिसतो, उन्हाळ्यात गॅनेट पक्ष्यांनी तो अख्खा खडक पांढरा झालेला असतो.

फी दोनशे पौंडांच्या पलीकडे जाते, हे मान्य. पण आधी आरक्षण करून नक्की खेळायला मिळतं.

चाफेकळी

निशिगंधा, पैशांचं म्हणालीस म्हणून लिहिते. एडिनबरामध्येच ब्रंट्सफील्ड लिंक्स आहे, मेडोजच्या शेजारी. उन्हाळ्यात तिथे छोट्या छोट्या होलचं मैदान मांडलेलं असतं आणि खेळायला एक पैसा लागत नाही. एक वेज (जवळच्या उंच फटक्याची काठी), एक पटर (चेंडू घरंगळवायची काठी) आणि चेंडू घेऊन जायचं. शेजारी कोणी पुस्तक वाचत पडलेलं असतं, कोणाची पोरं पतंग उडवत असतात. बाबा विमानातून उतरले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे ने. जूनमध्ये दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तू ऑफिसमधून आल्यावरही भरपूर उजेड असतो.

मग मसलबरा ओल्ड लिंक्स. शहरातून बसने सहज जाता येतं. नऊ होल, तेही घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत! शर्यतीच्या दिवशी बंद, एवढं बघून जा. १६७२ साली तिथे गोल्फ खेळल्याची नोंद आहे. १८७४ ते १८८९ या काळात ओपन ही ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा तिथे सहा वेळा झाली. भोक पाडायचं यंत्र तिथल्या क्लबाने १८२९ साली आणलं, त्याचा व्यास सव्वाचार इंच, आणि पुढे तेच माप सगळीकडे लागू झालं. म्हणजे बाबा पुण्यात ज्या भोकात चेंडू घालतात त्याचं माप या गावचं.

मला तिथली सगळ्यात आवडती गोष्ट कोळणींची. मसलबराच्या मासे विकणाऱ्या बायका आपल्या कोळणींसारख्याच, फक्त टोपली डोक्याऐवजी पाठीवर. १८११ च्या पहिल्या जानेवारीला तिथे त्यांची गोल्फ स्पर्धा ठरली होती आणि उत्तम खेळणारीला बक्षीस काय, तर नवी टोपली आणि शाल. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही सगळ्यात जुनी नोंद मानतात. मी तिथे पहिल्या टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात) उभी राहते तेव्हा दरवेळी त्या बायका आठवतात.

फी अगदी माफक आहे. हिकरीच्या लाकडी दांड्यांचे जुन्या पद्धतीचे क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्याही भाड्याने मिळतात, आधी विचारून घे. फौजेतल्या माणसाला ते नक्की आवडेल.

निशिगंधा_एडिनबरा

चाफेकळी, ब्रंट्सफील्डवरून मी रोज चालत जाते! तिथे बाबांना न्यायचं डोक्यातच आलं नव्हतं. कोळणींची गोष्ट आज आईला फोनवर सांगितली.

खडकवासला, उत्तरवारा, दोघांचंही पटतंय. गुडघ्याचं काय करावं? पुण्यात बाबांना कॅडीची, म्हणजे बॅग उचलणाऱ्या मदतनिसाची सवय आहे. इथे बॅग स्वतः उचलायची म्हणतात.

दख्खनी

मी पुण्यातच खेळतो, वय तुझ्या बाबांएवढंच, आणि मुलाकडे गेलो होतो तेव्हा फाइफमध्ये, म्हणजे सेंट अँड्र्यूजच्या भागात खेळून आलोय. म्हणून सविस्तर लिहितो.

बॅग उचलायची गरज नाही. बहुतेक ठिकाणी हाताने ओढायची ट्रॉली भाड्याने मिळते. सेंट अँड्र्यूज, नॉर्थ बेरिक अशा मोठ्या ठिकाणी कॅडीही मिळतो, पण आधी सांगून ठेवावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे. ओल्ड कोर्सवर बग्गी (बसून फिरायची छोटी गाडी) फक्त वैद्यकीय कारणासाठी आणि तीही आधी परवानगी काढून. पण एक लक्षात घे, तिथली जमीन चालायला सोपी आहे. मऊ गवताखाली वाळू, चिखल होत नाही, आणि ओल्ड कोर्स जवळजवळ सपाट आहे.

आता खेळाचं. आपल्याकडे ग्रीनवर चेंडू उंचावरून आणून टाकायची सवय. तिकडे ती सवय नडते. जमीन कडक, वारा कायमचा. उंच उडालेला चेंडू वारा नेईल तिकडे जातो, आणि ग्रीनवर पडला तरी टप्पा घेऊन ग्रीनपलीकडे पळतो. तिथले म्हातारे तीस-चाळीस यार्डांवरून सरळ पटर काढतात आणि घरंगळत नेतात. सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी टोकाच्या काठीने) बुटका फटका मारून चेंडू जमिनीवरून पळवायचा, हे बाबांना इथूनच सरावायला सांग. येताना पंधरा-वीस दिवस हातात असतील तर तेवढं पुरे.

बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, लहान आणि विहिरीसारखे खोल, भिंत हिरवळीच्या थरांवर थर रचून बांधलेली. आत गेलात तर ध्वजाकडे बघायचंच नाही. बाजूला किंवा मागे, जिथून बाहेर पडता येईल तिकडे मारायचं. चौदाव्या होलचा 'हेल' बंकर तर एवढा मोठा की लांबून बघूनच वळसा घालावा.

सामान सगळं आणू नये. बूट, हातमोजा, आपला पटर आणि चांगला रेनकोट-पँट एवढंच. बाकी सेट भाड्याने घ्या, विमानाच्या वजनाची कटकट वाचते. आणि स्वेटर जूनमध्येही. सकाळी समुद्रावरून धुकं आलं की दोन तास हात गारठतात. त्याला तिकडे 'हार' म्हणतात.

उत्तरवारा

दख्खनीकाकांनी लाखमोलाचं लिहिलंय.

सतराव्या होलबद्दल भर घालतो, कारण बाबा तिथे पोचले तर त्यांना आधीच माहीत असलेलं बरं. टीवर उभं राहिलं की समोर हॉटेलच्या आवारातल्या हिरव्या-काळ्या शेड, त्यांच्यावर हॉटेलचं नाव रंगवलेलं. पूर्वी तिथे रेल्वेच्या शेड होत्या, त्यांचाच आकार ठेवलाय. फेअरवे दिसत नाही. कॅडी सांगतो, नावातल्या अमुक अक्षरावरून मारा, आणि तुम्ही विश्वास ठेवून मारायचं. मग लांबच लांब दुसरा फटका. ग्रीन अरुंद, तिरकं, पुढे डावीकडे रोड बंकर आणि मागे खराखुरा डांबरी रस्ता, त्यापलीकडे दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर रस्त्यावरूनच खेळायचं, सूट नाही. बोगी (ठरल्यापेक्षा एक फटका जास्त) झाला तर समाधानाने पुढे चला. मग अठरावा, स्विल्कन ओढ्यावरचा छोटा दगडी पूल, आणि समोर गाव.

या मैदानाचं मला सगळ्यात भावतं ते म्हणजे ते गावाचं आहे. १५५२ सालच्या सनदेत तिथल्या गावकऱ्यांचा लिंक्सवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या या जमिनीवर खेळायचा हक्क लिहिलेला आहे. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या गावाने जमीन विकली आणि नव्या मालकांनी तिथे चक्क ससे पाळले. गावकरी आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षं भांडणं आणि कोर्टकज्जे झाले. १८२१ मध्ये जेम्स चीप या जवळच्याच जमीनदाराने ती विकत घेतली म्हणून गोल्फ वाचला. आज संसदेच्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट ती सांभाळतो, आणि गावातली माणसं वर्षाचा पास काढून अगदी थोडक्या पैशात खेळतात. पहिल्या आणि अठराव्या फेअरवेमधून वाट जाते, माणसं कुत्री घेऊन समुद्रावर निघालेली असतात आणि खेळाडू थांबतात.

खडकवासला

हे सगळं खरं. तरीही तीनशे पौंडांच्या वर एका फेरीला, दोघांचे सहाशेच्या पुढे, आणि वर कॅडी. तेवढ्या पैशात बाबांना एली, क्रेल, लेव्हन अशी तीन गावं खेळवता येतील. तिथेही मैदान गावाला लागूनच आहे. स्टार्टर गप्पा मारतो, क्लबहाउसमध्ये गरम सूप आणि चीज टोस्टी मिळते, कोणी घड्याळ घेऊन मागे लागत नाही.

एलीला तर पहिल्याच होलसमोर टेकाड आहे, पुढचे दिसत नाहीत. म्हणून स्टार्टरच्या खोलीत पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय! एचएमएस एक्सकॅलिबर या पाणबुडीचा. त्यातून बघून स्टार्टर सांगतो, पुढचे लोक गेले, मारा. विनंती केली तर बघू देतात. पूर्ण मैदानात एकही पार पाच (पाच फटक्यांत संपवायचा लांब होल) नाही, सोळा पार चार आणि दोन पार तीन. सत्तरीच्या माणसाला थकवणारं नाही. आणि लेव्हनला आता रेल्वे आहे, २०२४ च्या जूनमध्ये ती लाइन पुन्हा सुरू झाली. तिथून किनाऱ्याने बस जाते.

उत्तरवारा

खडकवासला, एली मलाही प्रिय आहे. पण हिशेब फक्त फेऱ्यांचा नाही. ज्या माणसाने आयुष्यभर एका जागेचं नाव मनात धरलंय त्याला 'त्याऐवजी तीन गावं' असं सांगता येत नाही. सोडत लागली तर खेळावं, पैसे वसूल आहेत. माझा आग्रह एवढाच की सोडत लागली नाही तरी चारही दिवस भरलेले असावेत.

आणि ते सहज भरतात. ट्रस्टची सात मैदानं आहेत. न्यू कोर्सचं नाव 'न्यू', पण तो १८९५ चा, ओल्डला अगदी खेटून. जमीन तीच, वारा तोच, पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्स तीच, आणि त्याची वेळ आधी आरक्षित करता येते. गावातले कित्येक जुने खेळाडू रोजच्या खेळाला न्यू पसंत करतात. ईडन आणि स्ट्रॅथटायरम त्याहून सोपे आणि स्वस्त. नऊ होलचा बाल्गोव्ह तर निशिगंधा, तुम्हालाही निवांत जमेल.

चाफेकळी

आणि 'हिमालया'ला विसरू नका! ओल्ड कोर्सच्या दुसऱ्या टीच्या जवळ, समुद्राच्या बाजूला, नुसतं पटिंगचं मोठं मैदान आहे. चढउतार इतके की नावच हिमालयाज पडलं. १८६७ साली बायकांनी तिथे आपला क्लब काढला, कारण त्या काळी पूर्ण झोक्याने फटका मारणं बायकांना शोभत नाही अशी समजूत होती. क्लब आजही त्यांचाच, आणि ठरावीक वेळा सोडून कोणालाही थोड्या पौंडांत खेळता येतं. पटर-चेंडू तिथेच मिळतात. प्रवासाच्या दिवशी संध्याकाळी हेच करा. बापलेकीची चुरस होऊ दे.

दख्खनी

निशिगंधा, रविवारबद्दल वर कोणीतरी लिहिलंय की बंद. बंद खेळायला. फिरायला ते उघडं असतं, बागेसारखं. मुलगा मला रविवारीच घेऊन गेला होता. लोक मुलांना घेऊन फेअरवेवर बसलेले, कुत्री धावताहेत, पुलावर फोटोसाठी छोटी रांग. मी पहिल्या टीपासून अठराव्यापर्यंत सावकाश चालत गेलो. दुहेरी ग्रीन पायाने चालून बघितली की कळतात. एकाच प्रचंड ग्रीनवर जाताना एक होल, येताना दुसरा, आणि दोन्हींच्या क्रमांकांची बेरीज अठरा. दोन आणि सोळा, तीन आणि पंधरा, असं. अशी सात आहेत. बंकरमध्ये उतरू नये आणि ग्रीनवर धावू नये, एवढं पाळायचं.

तेव्हा रविवार गावातच ठेव. जवळ कॅथेड्रलच्या पडक्या आवारात ओल्ड टॉम मॉरिस आणि त्याचा मुलगा यंग टॉम यांच्या समाध्या आहेत. दोघांनीही ओपन प्रत्येकी चार वेळा जिंकली, आणि मुलगा चोविसाव्या वर्षी गेला. बाप त्यानंतर बत्तीस वर्षं जगला आणि त्यातली बहुतेक वर्षं याच मैदानाची निगा राखत राहिला. तिथे दोन मिनिटं थांबा.

निशिगंधा_एडिनबरा

सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय, बघा बरं:

मंगळवारी संध्याकाळी ब्रंट्सफील्ड, नुसतं हात मोकळे करायला. बुधवारी मी अर्धी रजा टाकून मसलबरा. शर्यती नाहीत हे बघून घेतलं. गुरुवारी दुपारी लूकर्सची (सेंट अँड्र्यूजजवळचं स्टेशन) गाडी, तिथून बसने सेंट अँड्र्यूज, संध्याकाळी हिमालय. शुक्रवारसाठी सोडतीत नावं टाकणार. लागली तर ओल्ड, नाही लागली तर बसने एली. तिथे फोन करून विचारलं, आठवड्याच्या मधल्या दिवशी दोघांना सहसा सामावून घेतात म्हणाले. शनिवारी सकाळी न्यू कोर्स, हे आरक्षण आज केलं. रविवारी ओल्ड कोर्सवर फेरफटका, कॅथेड्रल, आणि परत.

नॉर्थ बेरिक या वेळी राहिलं. खडकवासला, रागवू नका. बाबा महिनाभर आहेत, घरून जाऊन-येऊन एका दिवसात होईल असं वाटतं. बाबांना एलीच्या पेरिस्कोपचं सांगितलं तर म्हणाले, सोडत नाही लागली तरी चालेल.

खडकवासला

रागावतो कशाला! नॉर्थ बेरिकला दुपारनंतरची वेळ मिळते का ते विचारा, काही ठिकाणी संध्याकाळच्या खेळाला फी कमी असते. जूनच्या उजेडात अठरा होल आरामात होतात. लूकर्सच्या गाडीत उजव्या हाताच्या खिडकीशी बसा. फोर्थ खाडीवरचा १८९० चा लाल पूल ओलांडला की पुढे बराच वेळ समुद्र त्याच बाजूला असतो.

उत्तरवारा

आखणी उत्तम. दोन दुरुस्त्या.

शुक्रवारच्या खेळासाठी नावं बुधवारी दुपारी दोनच्या आत जायला हवीत. त्या वेळी तुम्ही मसलबराला असाल, तेव्हा सकाळी घरून निघतानाच टाका. त्यात सोडत लागली नाही तर गुरुवारी सेंट अँड्र्यूजला पोचल्यावर पाचच्या आत बाबांचं एकट्याचं नाव नोंदवा. म्हणजे दुपारची गाडी जरा लवकरची धरा, लूकर्सहून नव्व्याण्णव नंबरची बस सारखी असते, पंधरा मिनिटांत गावात सोडते.

दुसरं, शुक्रवारी एलीहून परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा. किनाऱ्याची बस गावागावांतून जाते, तासाच्या वर लागतो. भाड्याचे क्लब एलीला हवेत, तेही फोनवर सांगून ठेवा. बाबा डावखुरे आहेत का? डाव्या हाताचे सेट लहान क्लबांकडे एखाददुसराच असतो.

निशिगंधा_एडिनबरा

बाबा उजव्या हाताचे, मी डावखुरी! आत्ताच एलीला ईमेल टाकते.